शुद्धीचा शोध

हमरापूर परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांत 'आखणी' हा एक मानाचा शब्द आहे. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पेण तालुक्यातल्या गावांत वर्षाचे बाराही महिने मूर्ती घडत असतात. साचा, जोडकाम, घासकाम, रंग हे सगळं पुष्कळांना येतं. डोळ्यांची आखणी मात्र ठरावीक हातांकडेच जाते. आखणे म्हणजे रेघ ओढणे, हद्द ठरवणे. शेताची आखणी होते, कामाची होते, तशी डोळ्यांचीही होते. आखणी झाली की मूर्ती बघू लागल्यासारखी दिसते. तरीही कारखान्यातला कुणी तिला देव म्हणत नाही. तिला फळीवरून उचलतात, कागदात गुंडाळतात, टेम्पोत भरतात. घरी गेल्यावर गुरुजी प्राणप्रतिष्ठा करतात, दूर्वेने डोळ्यांना तूप लावतात, तेव्हा ती पूज्य होते. विसर्जनाआधी उत्तरपूजा होते, अक्षता पडतात, मूर्ती जागची जराशी हलवली जाते आणि ती पुन्हा माती होते. डोळे तसेच उघडे असतात.

डोळे उघडे असणं आणि आत प्राण असणं या दोन गोष्टी आपण इतक्या स्पष्टपणे वेगळ्या ठेवलेल्या आहेत. माणसाच्या बाबतीत मात्र, अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर उभं राहिल्यावर, त्या एकमेकींत मिसळून जातात. मुंबई–गोवा महामार्ग आमच्या दारावरून जातो. डोक्याला मार लागलेला माणूस पेणहून पनवेल, कामोठे, मुंबई असा पुढे पुढे नेला जातो आणि मागे राहिलेल्या घरात फोनवरून शब्द येत राहतात. 'डोक्याचा सिटी काढलाय.' 'अजून शुद्ध नाही.' 'कोमात गेलाय.' 'मशीनवर ठेवलंय.' 'ब्रेन डेड म्हणतात, पण छाती तर हलतेय.' ही पाच वाक्यं पाच वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. घरात त्यांची एकच गोष्ट होते. पुढे उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे यावरून भावाभावांत, नातेवाईक आणि डॉक्टरांत जे वाद होतात, त्यांतले कित्येक इथेच, शब्दांपाशी सुरू होतात. म्हणून हे शब्द एकेक करून उलगडून पाहावेत असं मला वाटतं.

आपल्याकडचे मरणाचे जुने शब्द श्वासाभोवती फिरतात. 'प्राण' हा 'अन्' या धातूवरून आला. अन् म्हणजे श्वास घेणे. वारा या अर्थाचा 'अनिल' त्याच धातूचा, आणि आत्म्यासाठी लॅटिनात असलेला 'अनिमा' हा शब्दही त्याच घराण्यातला. शेवटच्या वेळी घशात घरघर लागते, ऊर्ध्व लागतो, म्हणजे श्वास वरवर जाऊ लागतो. प्राण कंठाशी येतात. अजून 'धुगधुगी' आहे, असं कुणी छातीला हात लावून सांगतं. हा शब्द ध्वनीवरूनच पडलेला, आत काहीतरी हलतं आहे त्याचा. माणूस शेवटच्या घटका मोजत असतो. ही घटका म्हणजे पाण्यावर तरंगणारं भोक पाडलेलं भांडं. ते भरून बुडायला २४ मिनिटं लागत. या सगळ्या शब्दसंग्रहात मेंदू कुठेच नाही. असण्याचं कारणही नव्हतं. श्वास थांबला की काही मिनिटांत काळीज थांबायचं, मेंदूही थांबायचा, आणि तिन्हींच्या थांबण्याला एकच शब्द पुरायचा.

'मेंदू' हा शब्द तसा साधासुधा आहे. त्याचं नातं 'मेद' म्हणजे चरबीशी लावतात. कापून पाहणाऱ्याला जे दिसलं त्याचं ते नाव आहे. विचार, आठवण, ओळख यांतलं काही त्यात नाही. नाव अगदीच चुकलेलं नाही. पाण्याचा अंश काढून टाकला तर मेंदूच्या वजनाचा अर्ध्याहून मोठा भाग मेदद्रव्यांचाच असतो. पण त्यामुळे झालं असं की मराठीत मेंदू 'चालतो', 'तल्लख असतो', 'सडतो', पण मेंदू 'मरतो' हे वाक्य विसाव्या शतकापर्यंत कुणाला बोलावं लागलं नाही.

ते बोलायला लावलं श्वसनयंत्राने. 'व्हेंटिलेटर' हा शब्द आपल्या घरांत आधीपासून होता. भिंतीत वरच्या बाजूला हवेसाठी ठेवलेल्या झरोक्याला जुने गवंडी व्हेंटिलेटरच म्हणत. मुळात लॅटिन 'व्हेंटस' म्हणजे वारा; आपला 'वात' त्याचा सख्खा भाऊ. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली तेव्हा शेकडो रुग्णांना हाताने पिशवी दाबून दिवसरात्र श्वास पुरवला गेला, आणि त्यातून आजची अतिदक्षता उभी राहिली. वारा बाहेरून आत घालता येऊ लागला. त्याबरोबर एक नवी अवस्थाही जन्माला आली. श्वास चालू, काळीज चालू, अंग उबदार, आणि मेंदूचं काम कायमचं बंद. १९५९ साली मोलारे आणि गुलाँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी तिला 'कोमाच्या पलीकडची' अवस्था म्हटलं. १९६८ साली हार्वर्डच्या समितीने तिला मृत्यूच मानावं असं सुचवलं. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूच्या देठाचा मृत्यू म्हणजे माणसाचा मृत्यू असं मान्य केलं. हा कायदा सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. तिसरं हिमाचल प्रदेश. मराठी मुलखाने हा प्रश्न देशात सर्वांत आधी कायद्यात घेतला, पण त्याचे शब्द मात्र घरात घेतले नाहीत.

आता 'शुद्ध' या शब्दाकडे येतो, कारण या विषयाचा गाभा मला त्यातच सापडतो.

शुद्ध हरपणे, शुद्धीवर येणे, बेशुद्ध पडणे. या 'शुद्ध'चा पावित्र्याशी काय संबंध, असा प्रश्न शाळेत असताना पडतो आणि मग आपण तो विसरतो. मूळ 'शुध्' धातू. त्याचा एक अर्थ स्वच्छ होणे. प्रयोजक रूपात तो धुऊन, चाळून, खरं काय ते पाहणे असा होतो, आणि तिथून 'शोध' येतो. जुन्या मराठीत 'शुद्धी' म्हणजे बातमी, ठावठिकाणा, माग. 'सीताशुद्धी' म्हणजे सीतेचा शोध, ती कुठे आहे याची खबर. हिंदीतला 'सुध' हाच. तेव्हा शुद्ध असणे म्हणजे मुळात स्वतःचा ठावठिकाणा असणे, मी कोण, कुठे, कुणापाशी, याची खबर असणे. 'बेशुद्ध' हा शब्द फारसी 'बे' आणि आपली 'शुद्ध' यांच्या जोडणीतून झालेला. कोणत्या काळात, कुणाच्या तोंडी तो जुळला कोण जाणे, पण आज त्याच्यावाचून आपलं चालत नाही.

शुद्धीच्या शेजारी मराठीत आणखी दोन शब्द उभे आहेत. एक 'जाग'. दुसरा 'भान', 'भा' म्हणजे प्रकाशणे या धातूवरून आलेला. जाग आली म्हणजे डोळे उघडले, झोप संपली. भान आलं म्हणजे समोरचं उजळलं, कळलं. झोपेतून दचकून उठलेल्या मुलाला जाग असते पण भान नसतं, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. वैद्यकशास्त्राला हा भेद नेमका मांडायला १९७२ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी स्कॉटलंडचे ब्रायन जेनेट आणि अमेरिकेचे फ्रेड प्लम यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका अवस्थेचं वर्णन केलं. रुग्ण डोळे उघडतो, मिटतो, त्याचं झोपेचं आणि जागेपणाचं चक्र चालू असतं, श्वास स्वतःचा असतो, पण आजूबाजूचं आणि स्वतःचं भान असल्याची कसलीही खूण मिळत नाही. तिला त्यांनी 'व्हेजिटेटिव्ह' म्हटलं. या शब्दाचं नशीब विचित्र. लॅटिनात 'व्हेजिटारे' म्हणजे चैतन्य आणणे. संस्कृतातला बळाचा वाचक 'वाज' त्याच कुळातला मानतात. चैतन्याचा शब्द वनस्पतींकडे गेला, वनस्पतींकडून भाजीकडे, आणि भाजीकडून पलंगावर पडलेल्या माणसाकडे आला तेव्हा तो ऐकणाऱ्या आईच्या काळजात सुरीसारखा शिरू लागला. २०१० साली युरोपातल्या तज्ज्ञांनी तो सोडून 'प्रतिसादहीन जागेपण' असा अर्थ होणारं नाव सुचवलं. आपल्याकडे 'जाग आहे, भान नाही' ही चार शब्दांची ओळ आधीपासून आहे. तिच्यात अपमान नाही आणि चूकही नाही. आपण मात्र ती वापरत नाही. आपण 'कोमा' म्हणतो.

'कोमा' हा ग्रीक शब्द, अर्थ गाढ झोप. कोमातल्या रुग्णाचे डोळे मिटलेले असतात, त्याला जागही नसते. ही अवस्था बहुधा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. रुग्ण दगावतो, किंवा शुद्धीवर येतो, किंवा त्या भानाविना जागेपणात जातो. म्हणजे वर्षानुवर्षं कोमात असलेला माणूस, असं जे आपण बातम्यांत वाचतो, ते बहुतेक वेळा कोमाचं वर्णनच नसतं.

अरुणा शानभाग यांच्याबाबत हेच झालं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची ही मुलगी मुंबईला केईएम रुग्णालयात परिचारिका झाली. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, आणि मेंदूला जाणारा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला. 'बेचाळीस वर्षं कोमात' असे मथळे तेव्हा जिकडेतिकडे आले. पण ती कोमात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात चार वर्षं आधीच छापलं गेलं होतं.

लेखिका पिंकी विराणी यांनी २००९ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की अरुणाला अन्न देणं थांबवू द्यावं. अर्जातलं वर्णन आणि रुग्णालयाने दिलेलं वर्णन यांत इतकं अंतर होतं की न्यायालयाने तीन डॉक्टरांचं मंडळ नेमलं: टाटा रुग्णालयाचे जे. व्ही. दिवेटिया, हिंदुजाचे मेंदूविकारतज्ज्ञ रूप गुरसहानी आणि शीवच्या पालिका रुग्णालयाचे मानसोपचारतज्ज्ञ नीलेश शाह. वाद बघा कशावरून होता. एक बाजू म्हणत होती, तिच्यात माणूस म्हणून काही उरलेलं नाही. दुसऱ्या बाजूला केईएमच्या परिचारिका आणि अधिष्ठाता डॉ. संजय ओक होते. ते म्हणत होते की तिला माशांचं आणि कोंबडीचं जेवण आवडतं, खोलीत फार माणसं आली की ती अस्वस्थ होते, हळुवार हात फिरवला की शांत होते. मंडळाने तपासून सांगितलं की ती मेंदूमृत नाही आणि कोमातही नाही. ती जागी दिसते. ऐकण्याचे, पाहण्याचे, स्पर्शाचे मेंदूपर्यंतचे प्राथमिक मार्ग शाबूत आहेत. पण त्या संवेदनांचं भान तिला असल्याचा निश्चित पुरावा मिळाला नाही. कायमच्या 'व्हेजिटेटिव्ह' अवस्थेचे बहुतेक निकष तिला लागू पडतात.

'बहुतेक' आणि 'निश्चित पुरावा मिळाला नाही'. या दोन शब्दप्रयोगांत डॉक्टरांचा प्रामाणिकपणा आहे, आणि मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. भान नाही, असं त्यांनी म्हटलं नाही. भानाची खूण सापडली नाही, असं म्हटलं. शुद्ध आणि शोध यांचा एकच धातू आहे, हे इथे कामाला येतं. शोध घेणाऱ्याला माग लागला नाही तर दोन शक्यता उरतात. शोधलेलं तिथे नाही, किंवा शोधण्याचं साधन थिटं आहे. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यान सुधा मिश्रा यांनी ७ मार्च २०११ रोजी अर्ज फेटाळला, केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच अरुणाचे खरे निकटवर्तीय मानलं, आणि त्याच निकालात विशिष्ट परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, जीवनाधार काढून घेण्याची वाट देशात प्रथमच उघडली. पाळ्या लावून तिची शुश्रूषा करणाऱ्या, इतक्या वर्षांत तिला एक शय्याव्रण होऊ न देणाऱ्या परिचारिकांची साक्ष त्या निकालामागे उभी होती.

'साक्ष' म्हणजे स+अक्ष, डोळ्यांसहित. ज्याने स्वतः पाहिलं तो साक्षी. 'पुरावा' वेगळा. तो 'पुरणे' या क्रियापदावरून आला; जो पुरतो तो पुरावा. एखादी गोष्ट पाहिली एवढ्याने ती पुरत नाही, कशासाठी पुरायची तेही ठरावं लागतं. परिचारिकांची साक्ष तिची काळजी घेत राहण्यासाठी पुरेशी होती असं माझं मत आहे. तिला चव कळते, आवडनिवड आहे, हे ठरवायला ती पुरत होती का, याविषयी मंडळाला खात्री वाटली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मग मेंदूचं चित्र काढून बघावं, ते तरी खोटं बोलणार नाही, असं नातेवाइकांना वाटतं. इथे 'स्कॅन' या शब्दाची कुळकथा सांगण्यासारखी आहे. लॅटिन 'स्कांदेरे' म्हणजे चढणे. पायऱ्या चढावं तसं कवितेच्या ओळीवर पाऊल टाकत तिची पदं मोजणे, यालाच रोमन लोक तो शब्द वापरू लागले. आपण वृत्त ओळखताना लघू-गुरू मांडतो, गण पाडतो, तेच काम. इंग्रजीत शिरल्यावर त्याचा अर्थ बारकाईने तपासणे असा झाला, आणि पुढे अगदी उलटा, भरभर नजर टाकणे असाही. यंत्राने बिंदूबिंदूने मोजत जाणे हा अर्थ सर्वांत अलीकडचा. गंमत अशी की तो मूळ अर्थाच्याच सर्वांत जवळचा आहे. स्कॅन हा फोटो नव्हे. तो मोजमापांचा हिशेब असतो, आणि त्या हिशेबावरून रंगवलेलं चित्र आपल्या हाती येतं.

सिटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, सूज, मेंदूचं आक्रसणं दिसतं. एमआरआयमध्ये ते अधिक बारीक दिसतं. दोन्हींत इमारत दिसते. आत कुणी राहतं का, ते दिसत नाही. 'फंक्शनल' एमआरआय मेंदूच्या कोणत्या भागात रक्ताचा ओघ बदलला ते मोजतो. २००६ साली केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघातात जखमी झालेल्या २३ वर्षांच्या एका तरुणीला या यंत्रात ठेवलं. बाहेरून कसलाही प्रतिसाद नसलेल्या त्या मुलीला सांगितलं, टेनिस खेळत असल्याची कल्पना कर. नंतर सांगितलं, स्वतःच्या घरात खोलीखोलीतून फिरत असल्याची कल्पना कर. दोन्ही वेळा निरोगी माणसांच्या मेंदूत जे भाग उजळतात तेच तिच्यात उजळले. जगभरच्या हजारो घरांत त्या बातमीने आशा पेटली, आणि ती खोटी आशा नव्हती. तीनच वर्षांनी, २००९ साली, अमेरिकेतल्या काही संशोधकांनी बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा त्याच प्रकारच्या यंत्रात ठेवला, त्याला माणसांची चित्रं दाखवली, आणि हिशेबात आवश्यक ती दुरुस्ती केली नाही तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसते हे दाखवून दिलं. त्यांचा रोख यंत्रावर नव्हता, निष्काळजी हिशेबावर होता. ओवेन यांचं काम त्यामुळे खोटं ठरत नाही. पण एकच चित्र पुढे करून वाद मिटवू पाहणाऱ्या कुणालाही, मग तो डॉक्टर असो की वकील की भाऊ, हा मासा माहीत असायला हवा.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे याहून बोलके आहेत. खाटेपाशी सांगितलेलं काहीही न करू शकणारे २४१ रुग्ण या प्रकारच्या एमआरआयने किंवा मेंदूच्या विद्युतआलेखाने तपासले गेले. त्यांतल्या ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळल्याच्या खुणा दाखवल्या, म्हणजे चौघांतल्या एकाने. पण त्याच अभ्यासात असे ११२ रुग्ण होते जे खाटेवर उघड उघड सूचना पाळत होते, आणि यंत्रात त्यांतल्या फक्त ४३ जणांच्या खुणा उमटल्या. ज्यांना भान आहे हे डोळ्यांना दिसत होतं, त्यांतल्या बहुसंख्यांना यंत्राने ओळखलं नाही. स्कॅनमध्ये खूण मिळाली तर ती मोठी साक्ष आहे. मिळाली नाही, तर तेवढ्यावरून भान नाही असं म्हणता येत नाही.

याउलट टेरी शायव्होची हकीकत. फ्लोरिडातली ही तरुणी १९९० साली काळीज थांबून कोसळली. नवऱ्याचं म्हणणं अन्नाची नळी काढावी, आईवडिलांचं म्हणणं ती आम्हाला ओळखते. २००२ च्या सुनावणीत पाच डॉक्टर होते: दोन नवऱ्याच्या बाजूचे, दोन आईवडिलांच्या, एक न्यायालयाने नेमलेला. मेंदूच्या सिटी स्कॅनवरही त्यांचं एकमत झालं नाही. आईवडिलांकडे चित्रफीत होती, तिचे डोळे फुग्यामागे फिरताना दिसत होते. २००५ साली ती गेल्यावर शवविच्छेदन झालं. मेंदूचं वजन ६१५ ग्रॅम भरलं, अपेक्षेच्या निम्म्याच्या आसपास. आणि दृष्टीचं केंद्र नष्ट झालेलं होतं. तिला दिसतच नव्हतं. त्या आईवडिलांना मी खोटं म्हणणार नाही. उघड्या डोळ्यांत आपण आपल्याला हवं ते पाहतो, आणि लेकराच्या डोळ्यांत तर पाहतोच.

मेंदूमृत्यूचा प्रश्न याहून वेगळा, आणि तिथे आपल्या कायद्याने भिस्त स्कॅनवर ठेवलेलीच नाही, हे फार थोड्या घरांना माहीत असतं. दुखापतीचं कारण कळण्यासाठी स्कॅन लागतो. निदान होतं खाटेपाशी. बॅटरीच्या उजेडाने डोळ्याची बाहुली आकसते का ते पाहतात. या 'बाहुली'ला लॅटिनात 'पुपिला' म्हणजे छोटी बाहुलीच म्हणतात, आणि संस्कृतातली 'कनीनिका' म्हणजे चिमुकली मुलगी. समोरच्याच्या डोळ्यात दिसणारं आपलंच इवलंसं प्रतिबिंब तिन्ही भाषांनी पाहिलं. मग बुबुळाला कापसाचा स्पर्श, कानात थंड पाणी, घशात नळी हलवून खोकला येतो का ते, आणि शेवटी श्वासाची चाचणी. प्राणवायू देत राहून व्हेंटिलेटर सोडवतात, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू देतात, आणि तरीही एकही श्वास येत नाही याची खात्री करतात. चार डॉक्टरांचं मंडळ, दोनदा तपासणी, मध्ये किमान सहा तास. नवलाची गोष्ट ही की इतक्या यंत्रांनंतर शेवटचा प्रश्न पुन्हा प्राणाशीच येतो: श्वास स्वतःचा आहे का?

या चाचण्यांआधी एक अट आहे, आणि रायगडकरांनी ती लक्षात ठेवावी. मेंदूचा देठ बंद पडल्याचा आभास निर्माण करणारी कारणं आधी दूर सारावी लागतात: गुंगीची औषधं, अतिथंड शरीर, विष. मण्यार चावलेला माणूस अगदी मेल्यासारखा दिसू शकतो. पापण्या पडलेल्या, बाहुल्या उजेडाला न आकसणाऱ्या, श्वास बंद. आणि तोच माणूस वेळेवर श्वसनयंत्रावर ठेवला तर काही दिवसांनी उठून बसतो. आमच्याच जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जातात. मण्यार आणि नागाच्या दंशाच्या ग्रामीण उपचारांवरही त्यांनी लिहिलं आहे. म्हणून 'नीट तपासलं का?' असं विचारणारा नातेवाईक अडाणी नसतो. त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर मिळायला हवं. पण सगळे निकष पाळून दोनदा तपासल्यावर मेंदूमृत ठरलेला माणूस मृत असतो. 'ब्रेन डेड, पण जिवंत' असं काही नसतं. छाती हलते ती यंत्राच्या वाऱ्याने.

आता उरतो 'इच्छामरण'. हा शब्द आपल्याला महाभारताने दिला. शंतनूने भीष्माला वर दिला, आणि भीष्म बाणांवर पडून उत्तरायणाची वाट पाहत राहिले. या शब्दात मरणाआधी इच्छा आहे, आणि ती मरणाऱ्याची स्वतःची आहे. अरुणा शानभाग यांच्या खटल्याला वर्तमानपत्रांनी सर्रास इच्छामरणाचा खटला म्हटलं. तिची इच्छा कुणालाच ठाऊक नव्हती. दुसऱ्याने कणवेने आणलेलं मरण ते 'दयामरण', आणि दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. माझ्या मते मराठी पत्रकारितेने हा शब्द एवढा सैल वापरायला नको होता.

खऱ्या अर्थाने इच्छा सांगून गेलेला माणूस आमच्या पेण तालुक्यातलाच. गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांनी अन्न, पाणी, औषध नाकारलं. पंतप्रधानांसह अनेकांनी विनवलं. ते ढळले नाहीत, आणि १५ नोव्हेंबरला गेले. याला जुना शब्द 'प्रायोपवेशन'. 'प्राय' म्हणजे पुढे जाणे, निघणे. त्या निघण्यासाठी बसणे. विनोबांच्या निर्णयाशी सहमत व्हावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तिथे कुणाला स्कॅन काढून त्यांच्या मनात काय आहे ते शोधावं लागलं नाही. ते शुद्धीत होते आणि त्यांनी सांगितलं होतं.

आपल्यासारख्यांसाठी कायद्याने आज तेवढी सोय केली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. ती प्रक्रिया इतकी अवघड होती की ती कागदावरच राहिली, मुंबईचे डॉ. निखिल दातार यांच्यासारखी माणसं तिच्यासाठी न्यायालयात झगडत राहिली. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं प्रमाणन पुरतं. आपल्या वतीने बोलणारी माणसं, एकापेक्षा अधिकही, त्यात नेमता येतात. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. वेळ आलीच तर रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला डॉक्टर असतो, शक्यतो ४८ तासांत आपापला निर्णय देतात.

तेव्हा दोन विनंत्या. घरातलं कुणी अतिदक्षतेत असेल तर 'कोमात आहे का' एवढंच विचारून थांबू नका. डॉक्टरांना विचारा: जाग आहे का, भान आहे का, श्वास स्वतःचा आहे का, आणि हे तुम्ही खाटेपाशी तपासून सांगता आहात की चित्रावरून? आणि ज्यांना आज जाग, शुद्ध, भान तिन्ही आहे त्यांनी आपल्याला काय हवं, काय नको, हे कागदावर लिहून घरच्यांच्या हाती द्यावं. ते लिहायला वकील लागत नाही. मराठीत लिहिलेलंही चालतं.